पास्कू मेस्त्रीचा शब्द

पास्कू मेंदोंसाला फ्रीमेसन मी केलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते गावात जो तो आपल्या परीने सांगतो आणि त्यात माझं नाव कुठेच येत नाही.

पास्कू आमच्या कोरगावचा. शाळेत माझ्यापुढे चार वर्षं. बाप माडांवर चढून सूर, म्हणजे माडी, काढायचा, पण मुलाने माडावर चढू नये असं त्याच्या आईने ठरवलं होतं. म्हणून पास्कू आयटीआयला गेला, फिटर झाला आणि डिचोलीकडे एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागला. अठरा वर्षं तिथे काढली. दोन हजार बारा साली खाणी बंद पडल्या तेव्हा तो बायको एस्पेरांस आणि मुलगी लुर्दिन यांना घेऊन परत गावी आला आणि तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, मी सुपरवायझर होतो त्याच कारखान्यात, मेंटेनन्सला चिकटला. सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचा. हत्यारांची पिशवी मांडीवर. रस्ताभर बोलायचा नाही, पण एखाद्या घराची नवी भिंत दिसली की खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "गुरुदास, ती भिंत ओळंब्यात ना." म्हणजे सरळ नाही.

त्याला मेस्त्री म्हणायचे ते फिटर म्हणून नव्हे. गावच्या इगर्जीत, चर्चमध्ये, तो व्हायोलिन वाजवायचा आणि मुलांना सूर शिकवायचा. लाकडी जिना चढून वर कोरसाची जागा आहे, तिथे रविवारच्या मिसेच्या प्रार्थनेला आठ-दहा पोरांना उभं करून गाऊन घ्यायचा. चुकलं तर ओरडायचा नाही. वाजवायचं थांबवायचा. पोरांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

मी स्वतः फ्रीमेसन झालो होतो आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांमुळे. हे काय असतं ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. फ्रीमेसन लोकांच्या सभेच्या जागेला 'लॉज' म्हणतात, आणि मी महिन्यातून एका शनिवारी शहरात लॉजला जातो हे ऐकून माझी बायको सुमंगला दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मग तिला समजावून सांगितलं. निरनिराळ्या धर्मांची, धंद्यांची माणसं जमतात. पांढरे एप्रन बांधतात. गवंड्याच्या हत्यारांवरून, काटकोन, कंपास, लेव्हल, ओळंबा यांच्यावरून, सरळ वागायची शिकवण देतात. देव मानणारा कोणीही चालतो, देव कुठला ते विचारत नाहीत. मध्ये टेबलावर गीता, बायबल, कुराण सगळं उघडून ठेवलेलं असतं, आणि ज्याने त्याने आपल्या पोथीवर हात ठेवून शपथ घ्यायची. मी गीतेवर घेतली. सुमंगला म्हणाली, "इतक्यासाठी शहरात कशाला जायला हवं? रवळनाथाच्या देवळात बसला असतात." पण मला ते आवडलं होतं. कारखान्यात मी कोणाचा तरी साहेब आणि कोणाचा तरी नोकर. तिथे डॉक्टर, वकील, मी, सगळे एकमेकांना बंधू म्हणायचो.

दोन हजार सोळा साली पास्कूला मी विचारलं. आमच्यात गवंड्याच्या हत्यारांवर भाषणं देणारे पुष्कळ होते, ओळंबा हातात धरलेला एकही नव्हता. पास्कूने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आमच्या धर्माक आड येता काय?"

"छे रे! बायबल समोर ठेवलेलं असतं. तुझ्याच बायबलवर शपथ."

मी कोणाला विचारलं नव्हतं. मला विचारायची गरजही वाटली नव्हती. आमच्याकडे एका घरात पाच देव असतात, गावचा वेगळा, कुळाचा वेगळा, आणि फेस्ताला, ख्रिस्ती लोकांच्या सणाला, आम्ही इगर्जीत मेणबत्ती लावून येतो. एका जागी हात जोडले म्हणून दुसरी जागा बंद होते, ही गोष्टच माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

पास्कू आला. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत आणलं, त्याने शपथ घेतली, पट्टी सोडली. परत येताना स्कूटरवर मागून तो म्हणाला, "अठरा वर्सां लेव्हल हातात धरली, तिचो काय अर्थ असता ता आज कोणी सांगलां." इतकं मोठं वाक्य तो स्कूटरवर कधी बोलला नव्हता. सात वर्षांत तो लॉजमधला सर्वांत आवडता माणूस झाला. कोणाच्या घरचा पंप बंद पडला तर पास्कू, कोणाचा बाप आजारी पडला तर इस्पितळात बसायला पास्कू. विधीतले लांबलचक पाठ त्याला एका महिन्यात तोंडपाठ व्हायचे. व्हायोलिनवाल्याचा कान.

कधीकधी मात्र काहीतरी विचारायचा. एकदा म्हणाला, "आपली प्रार्थना संपता तेव्हा नाव घेणत नाय. आमची प्रार्थना जेजूच्या नावानच संपता."

"नाव घेतलं तर बाकीच्यांनी काय करायचं?" मी म्हटलं. "म्हणून तर विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात. ज्याला जो समजायचा तो समजावा."

"खरां," तो म्हणाला. पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाला, "खरां."

दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात पेपरात बातमी आली. रोमहून पुन्हा एकदा खुलासा झाला होता की कॅथोलिक माणसाला फ्रीमेसन होता येत नाही, दोन्ही एकत्र बसत नाहीत. बातमी एस्पेरांसने वाचली. तिला नवरा शनिवारी कुठे जातो ते माहीत होतं, तिथल्या मंडळींना फ्रीमेसन म्हणतात हे बातमीतल्या 'लॉज' शब्दावरून कळलं. तिने पेपर घडी करून त्याच्या चहाजवळ ठेवला.

पास्कू त्याच आठवड्यात पाद्रीकडे कुमसार व्हायला गेला, म्हणजे आपलं पाप सांगायला. काय बोलणं झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. पाद्री वयाने लहान, पण शहाणा माणूस होता. त्याने आरडाओरड केली नाही. म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही वाईट माणसांत जाता असं कोणी म्हणत नाही. पण तिथे डोळे बांधून तुम्हाला काळोखातला माणूस म्हणून उभं केलं आणि मग प्रकाश दिला. तुमच्या बाप्तिस्म्याला तुमच्या नावाने मेणबत्ती पेटवली होती ती मग कशाची?" बायबल तिथे असतं, असं पास्कूने सांगितलं. पाद्री म्हणाला, "असतं, पण अनेकांतलं एक म्हणून. आपल्यासाठी ते तसं नाही." आणि शेवटी म्हणाला, "तिथला राजीनामा द्या आणि या. दार बंद नाही. तोवर मात्र कुमगार घेऊ नका."

कुमगार घेणं म्हणजे मिसेच्या शेवटी वेदीपुढे रांगेने जाऊन ती गोल पांढरी ओस्ती जिभेवर घेणं. आम्ही बाहेरून बघतो तेव्हा प्रसादासारखंच दिसतं.

पास्कूने मला विचारलं, "तू सांग. काय करूं?"

मी वाद घातला. मला वाद घालता येतो. म्हटलं, आपल्या विधीत ख्रिस्ताविरुद्ध एक शब्द दाखव. म्हटलं, तो युरोपातला जुना तंटा, राजेरजवाड्यांचा, त्याचं कोरगावात काय? म्हटलं, तू बायबलवर हात ठेवून शब्द दिला आहेस, तो मोडायला पाद्रीच सांगतो का? हा शेवटचा मुद्दा त्याला लागला. दिलेला शब्द मोडलेला त्याच्या घरात कोणी पाहिला नव्हता. मी जिंकलो असं मला वाटलं.

त्याने राजीनामा दिला नाही, पण कुमगार घेऊ नका ही पाद्रीची आज्ञाही मोडली नाही. दुसरा कोणी असता तर गुपचूप रांगेत गेला असता. तोंडावर लिहिलेलं नसतं. पास्कू गेला नाही. एक वर्ष तो दर रविवारी वर कोरसात वाजवत राहिला, आणि खाली एस्पेरांस एकटी रांगेत जाऊन परत बाकावर येऊन गुडघे टेकायची. वर बसलेला माणूस खाली आला नाही हे पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. तरी काहींच्या आलंच. दोन मुलांच्या आयांनी मुलांना शिकायला पाठवणं बंद केलं. पास्कू स्कूटरवर भिंती दाखवायचा बंद झाला होता.

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात एका पंपाचा शाफ्ट करून घ्यायला आम्ही दोघे डिचोलीला गेलो होतो. लेथवाल्याने तीन तास लागतील म्हणून सांगितलं. पास्कू म्हणाला, मयेच्या तळ्यावर जाऊया, खाणीवर असताना लुर्दिनला तिथे फिरवायला न्यायचो. आम्ही पाव आणि पातळ भाजी बांधून घेतली आणि तळ्याच्या बांधावर बसलो.

"लुर्दिनचा लग्न ठरलां," तो म्हणाला. लुर्दिन आयर्लंडमध्ये नर्स होती. नवरा बार्देशातला, तोही तिकडेच. "जानेवारीत. नवऱ्याकडची माणसां आपल्याकडे करतो म्हणतत, पण तिका आमच्याच इगर्जीत होया." पाव तसाच हातात धरून तो पाण्याकडे बघत होता. "त्याच्याआदी माका सोडूचां आसा, गुरुदास. लॉज. मी कागद लिवलो आसा."

त्या वर्षी मी लॉजचा प्रमुख होतो. बारा वर्षं वाट पाहून मिळालेली खुर्ची. माझ्या खालोखालच्या जागेवर मी पास्कूला बसवलं होतं, कारण पाठ त्याच्याइतके कोणाला येत नव्हते. फेब्रुवारीत माझं वर्ष संपणार होतं. मधेच तो गेला तर जागा भरायला माणूस नव्हता, आणि लोक विचारणार, तुमच्याच मित्राने का सोडलं?

मी म्हटलं, "फेब्रुवारीपर्यंत थांब. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न. माझं वर्ष पुरं कर, मग मीच तुझा कागद वाचतो."

"लग्न जानेवारीत आसा."

"मग काय झालं? लग्न थोडंच थांबवणार आहे पाद्री?"

"लग्न होतला. पण मी कुमगार घेवंक शकचंय ना."

आणि मग मी ते बोललो. समोर तळ्यापलीकडे देवीच्या देवळाकडे जाणारी माणसं दिसत होती, कदाचित त्यामुळे सुचलं असेल. "एक दिवस प्रसाद चुकला तर काय बिघडतं रे?" मी म्हटलं.

पास्कूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पोराचा सूर चुकल्यावर तो वाजवायचं थांबवून बघायचा, तसा. मग म्हणाला, "फेब्रुवारी. बरां. शब्द दिलो." आणि पाव तसाच कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

लुर्दिन डिसेंबरात आली. तिला घरच्यांनी काही सांगितलं नव्हतं. एस्पेरांसला वाटलं, नवरा सांगेल. पास्कूला वाटलं, लग्नाच्या धांदलीत पोरीच्या डोक्याला ताप नको. पाद्रीनेच एक वाट काढून दिली होती. म्हणाला, "तुम्ही वर बसून वाजवा. मुलीच्या लग्नात बाप वाजवतोय, लोकांना कौतुकच वाटेल. खाली कोण येतं नि कोण नाही ते कोण बघतो?" पास्कूला तेवढा आधार वाटला होता. पण आदल्या दिवशी घरी रोसचा कार्यक्रम, मुलीच्या अंगाला नारळाचं दूध लावायचा, चालू असताना लुर्दिनने सगळ्यांदेखत सांगितलं, "पापा, उद्या तू वर जायचं नाही. तुझ्या पोरांना वाजवू दे. तू पहिल्या बाकावर, मम्मीच्या बाजूला. मी मागे वळून बघणार, तू दिसायला हवा."

पास्कू म्हणाला, "बरां गो बाय."

मी आणि सुमंगला मागच्या बाकावर होतो. इगर्ज फुलांनी भरलेली. पास्कूने काळा सूट घातला होता, मुलीला हाताला धरून त्याने वेदीपर्यंत आणलं आणि पहिल्या बाकावर बसला. वर त्याची पोरं वाजवत होती, बरी वाजवत होती. मग ती वेळ आली. पाद्रीने आधी नवरानवरीला ओस्ती दिली. मग नवऱ्याचे आईवडील उठले, एस्पेरांस उठली. तिने बाकाबाहेर पाऊल टाकलं, क्षणभर थांबली आणि एकटी पुढे गेली. मागच्या बाकांवरून माणसं उठायला लागली, रांग वाढत गेली, पास्कूच्या अंगावरून एकेक जण पुढे जात होता. त्याने गुडघे बाजूला घेतले होते, वाट द्यायला.

लुर्दिनने वळून पाहिलं. ती हसतच वळली होती. आईला पाहिलं, आईच्या मागे पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं. तिचं हसू लगेच गेलं नाही. बाप आता उठेल असं तिला वाटत राहिलं असावं. ती बघत राहिली, शेवटी नवऱ्याने तिच्या कोपराला हात लावला तेव्हा ती पुढे वळली.

सुमंगला माझ्या कानाशी म्हणाली, "ते का नाही गेले हो?"

मी आयुष्यात शेकडो वेळा प्रसाद घेतला आहे, कितीदा तरी चुकवलाही आहे. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की हा प्रसाद नव्हता. एका घरातली सगळी माणसं जेवायला बसली होती आणि घरचा माणूस ओसरीवर थांबला होता. थांबवणारा मी होतो.

हॉलवर जेवणाच्या वेळी लुर्दिन बापाजवळ आली. मी बाजूलाच होतो. "पापा, तुला बरं नव्हतं?"

"बरां आसा गो. मागीर सांगतां."

परदेशी जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "एका महिन्याचाच प्रश्न होता ना, पापा? एक महिना आधी का नाही?" हे मला एस्पेरांसने सांगितलं. पास्कूने त्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते तिने सांगितलं नाही. माझं नाव त्याने घेतलं नसणार, कारण लुर्दिन जाताना मला नमस्कार करून, "गुरुदासअंकल, पापाला सांभाळा," असं म्हणून गेली.

फेब्रुवारीच्या सभेला पास्कू आला. पाठ म्हटले, एक अक्षर चुकला नाही. सभा संपल्यावर खिशातून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ऑक्टोबरात लिहिलेलाच होता, तारीख तेवढी खोडून नवी घातली होती. लॉजच्या बंधूंनी समजून घेतलं, कोणी वाकडं बोललं नाही. एक म्हातारे डॉक्टर त्याचा हात बराच वेळ धरून उभे होते. पास्कूच्याही डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "हीं बरीं माणसां, गुरुदास. माका त्यांची याद येतली." मग तो कुमसार झाला, आणि ईस्टरच्या मिसेला एस्पेरांसच्या मागे रांगेत उभा राहिला. मी पाहिलं नाही. मला बोलावलं नव्हतं, आणि जायला तोंडही नव्हतं.

तेव्हापासून तो स्कूटरवर येईनासा झाला. भांडण नाही. कारखान्याची बस सुरू झाली होती, ती त्याच्या वाड्यावरून जाते, एवढंच कारण.

मे महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. बाहेरच्या बाल्कांवावर, ओसरीवर, एस्पेरांस काजूच्या बिया उन्हात पसरत होती. "यात गुरुदासबाब," म्हणाली आणि आत वळून त्याला हाक मारली. पास्कू टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ बघत होता. मी आत जाईपर्यंत तो बंद केलेला. एस्पेरांस चहा ठेवायला जाताना दाराशीच हळूच मला म्हणाली, "रोज लावतात. लुर्दिन इगर्जीत आत येते तिथपर्यंत. पुढचं बघत नाहीत."

मी पास्कूसमोर बसलो आणि पाठ करून आणलेलं बोललो. की चूक माझी होती, मी न विचारता छे म्हटलं, खुर्चीपायी तुला थांबवलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुवें माका ओडून व्हरूंक ना. माझ्या पायांनी गेलंय."

"पण फेब्रुवारीपर्यंत थांब म्हणालो ते मीच."

त्याने टीव्हीचा रिमोट उचलून बाजूला ठेवला. नाही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, पण पास्कू खोटं बोलत नाही. मग म्हणाला, "लुर्दिन दर आयताराक फोन करता. आवशीकडे बोलता, माझ्याकडेय बोलता. हवापाण्याचां बोलता. आदी ती माझ्याकडे भांडायची." एस्पेरांस चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यायलो, यंदा काजूला भाव नाही म्हणून बोललो, आणि मी उठलो.

मी लॉज सोडलं नाही. मला तिथे काही आड येत नाही, आणि पास्कूसाठी सोडलं असतं तरी त्याचा तो दिवस परत आला नसता. फ्रीमेसनचा विधी आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र बसतात की नाही, यावर अजूनही आमच्यातले शिकलेले लोक वाद घालतात. पुस्तकं काढतात. मी त्यात पडत नाही. ज्याला ते एकाच ताटात बसवून दाखवायचं होतं त्याला ते बसवता आलं नाही, एवढं मला माहीत आहे. आणि त्याचं ताट कसं असतं हे मला कळत नसताना मी त्याला सल्ला दिला, हेही.

मागच्या महिन्यात कारखान्यात नव्याने आलेल्या एका इंजिनीयरने, मडगावकडच्या कॅथोलिक पोराने, माझ्या अंगठीवरचं कंपासचं चिन्ह ओळखलं आणि म्हणाला, "सर, मलाही यायचंय. माझ्या धर्माच्या आड येत नाही ना?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. घरी विचार. तुमच्या पाद्रीला विचार. मेंटेनन्सला मेंदोंसा मेस्त्री आहेत, त्यांनाही विचार."

तो जरासा हिरमुसला. माझ्याकडून त्याला सोपं उत्तर हवं होतं. दुपारच्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं, तो वर्कशॉपच्या दाराशी पास्कूजवळ उभा होता. पास्कूने हातातला पाना खाली ठेवला, कापडाला हात पुसले, आणि त्याला बसायला स्टूल पुढे केलं.